तीन थाउ

शनिवारी दुपारी हातरुमालात गुंडाळून
तुम्ही एक खुंटी आणलीत,
गंजलेली, करंगळीहून बारीक.
"अशीच एक करून दे. पियानोची आहे."
उद्यमनगरात पंपाचे शाफ्ट होतात,
गुऱ्हाळाच्या घाण्याचे रोलर होतात.
पियानोचं काही, फिलेमोन सर,
तुमच्याआधी कुणी मागितलं नव्हतं.

मी मायक्रोमीटर पुसला.
चहा येईपर्यंत खुंटी झाली.
पैसे विचारलेत. म्हटलं, ऐकवा कधीतरी.

सोमवारी आमची सुट्टी.
नागाळा पार्कातली तुमची मागची खोली,
पियानोवर बीपीच्या गोळ्या, बाईंचा फोटो,
आणि मुंबईच्या कुठल्याशा हॉटेलातला बँड,
सात माणसं, सगळ्यांचे केस तेलकट,
तुम्ही कडेला, निम्मे कापले गेलेले.
मला वाटलं, चर्चमधलं काहीतरी वाजवाल.
तुम्ही डावा हात टाकलात
आणि उसाच्या दोन ट्रॉल्या लावलेला ट्रॅक्टर
चौकात वळायला लागला.
पुढची वळलीसुद्धा,
मागची अजून सरळच,
आता पडते की मग पडते,
पडत काही नाही.

मी पायानं ठेका धरला. दर खेपेला चुकला.
"टर्नर, बेअरिंग अगदी घट्ट बसवतोस का रे?"
नाही सर, जरा ढील ठेवतो, नाहीतर जाम होतं.
"मग झालं की. जॅझ म्हणजे तेवढीच ढील."

एवढंच शिकवलंत. पुढचे सोळा वर्षांचे सोमवार
नुसते वाजवत राहिलात.

त्यात एक सूर होता.
खाली, खर्जात, एकाच तारेचा.
पायरी आहे समजून पाऊल टाकावं
आणि ती बोटभर खाली निघावी, तसा.
तिथं आलात की तुमची मान कलती व्हायची.
मी घरी जाऊन शालनला सांगायचो,
जॅझ असं असतं बघ.
ती म्हणायची, हात धुऊन या आधी.

मार्चात गेलात.
भजनं झाली पेटी-तबल्यावर, सरळ तालात.
झाकणाचे स्क्रू आवळायला पोरांनी मला बोलावलं.
चार आवळले.
पाचवा पाव फेरा सैल ठेवला.

पियानो शाळेला द्यायचा ठरला.
रूथताईंनी मिरजेहून कारागीर आणला सुरात लावायला.
त्यानं ती खुंटी दोन बोटांनी फिरवली.
दोन बोटांनी.
"कुणी केलीय ही? सैल आहे की.
कितीही लावा, तार उतरणारच."

खिशात मायक्रोमीटर होता.
तीन थाउ कमी.

शनिवार दुपार. चहा. माझाच हात.

म्हणजे सोळा वर्षं मी ज्याला जॅझ म्हणत होतो
ती माझी चूक.
आणि तुम्हाला तर कान होते, सर.
शेजारच्या प्रेशर कुकरची शिट्टी
कुठल्या पट्टीत आहे ते सांगायचात तुम्ही.
एकदाही म्हणाला नाहीत, टर्नर, दुसरी करून दे.
उलट कुठलंही गाणं वळसा घालून तिथं न्यायचात,
गावाला निघालेल्या माणसानं
वाटेत दवाखान्यात डोकावून जावं,
"काय, कसं आहे?" विचारून.

का सांगितलं नाहीत?
पैसे घेतले नव्हते म्हणून?
का तुम्हालाही ते पुढं पुढं...
जाऊ दे.

कारागीर म्हणाला, नवी टाकू?
शाळेतली पोरं. त्यांना सूर सरळ पाहिजे.
मी नवी केली. तीनदा मापली.
चहाला थांबलो नाही.

जुनी माझ्या ट्रेमध्ये आहे, ड्रिलच्या बिटांत.
टिचकी मारली तर वाजत नाही, लोखंड ते.
सोमवारी शटर अर्धं उघडून बसतो.
सगळी गल्ली गप्प.
हंगाम संपत आलाय, तरी एखादा ट्रॅक्टर जातो.
पुढची ट्रॉली वळते.
मी मान कलती करून
मागचीची वाट बघतो.